विरघळलेलं वर्ष

अर्धं पाण्याकडे धावणारं, अर्धं पाण्यापासून पळणारं आणि औषध पोचवून शरीरातच विरून जाणारं पॉलिमर बनवायला मला वर्ष लागलं. मग मी हुशार माणूस, ऐन पावसाळ्यात बाटलीला झाकण लावायलाच विसरलो. कोल्हापूरच्या दमट हवेनं त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे तुकडे केले. आता सगळं पहिल्यापासून!

तपासणीच्या यंत्राच्या खोलीबाहेर मी ते तुकडे दाखवणारा आलेख धरून बसलो होतो. शेजारी दुसऱ्या कॉलेजातला एक संशोधक आपल्या बाटलीचं झाकण पुन्हापुन्हा आवळत होता. त्यानं माझ्या कागदात डोकावलं, वर लिहिलेलं पॉलिमरचं नाव वाचलं.

"तोंड का पाडलंय, पावणं? विरणारंच करायचं हुतं न्हवं? मग विरलं की!"

मला हसू फुटलं.

थोड्या वेळानं त्याचा आलेख आला. सुरेख असणार, चेहराच उजळला होता. मी बघतोय म्हटल्यावर त्यानं तो घाईनं घडी करून खिशात कोंबला.

"चला," म्हणाला, "च्या घिऊया."