सगळेच सारखे म्हातारे

“ज्याची चिठ्ठी आधी, त्याचं नाव आधी,” हे इरासीचं पालुपद. ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरातल्या एका गावात आरोग्य केंद्राच्या खिडकीत तिनं बावीस वर्षं चिठ्ठ्या वाटल्या. चाळिशीनंतर जुनी पुस्तकं उघडून संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला स्वतःच शिकली. रांगेची यादी लावणारा प्रोग्रॅम तिच्याच हातचा.

मोतीबिंदूचे डॉक्टर वर्षातून एकदा येत, साठ जणांची ऑपरेशनं करत आणि जात. साठी ओलांडलेल्यांना आधी घ्यायचं, आणि त्यांच्यात चिठ्ठीचा क्रम पाळायचा, असा नियम. यंदा शहाऐंशी जण आले, सगळेच म्हातारे. यादी दारावर लागली तसे सेउ अबिलियो काठी टेकत खिडकीशी आले.

“पोरी, चिठ्ठी माझी पहिली. सून म्हणते, यादीत मी एकाहत्तरावा. सत्तर जण काय माझ्या टांगेखालून गेले?”

इरासी हसली. मग तिनं यादी पाहिली. पत्ते पिसावेत तशी नावं विस्कटली होती. चिठ्ठीच्या क्रमानं दहा नावं घालून तिनं प्रोग्रॅम तपासला होता, तेव्हा एकही जागचं हललं नव्हतं.

प्रोग्रॅम ज्या संगणकी भाषेत लिहिला होता, तिची माहितीपुस्तिका तिनं उघडली. यादी लहान असली की नावं लावायची साधी रीत, तीत सारख्यांचा क्रम टिकतो. मोठी झाली की झपाट्याची रीत, तीत टिकेलच असं नाही. सारख्यांचा क्रम जपायला जास्तीची जागा लागते; भाषा रचणाऱ्यांनी ती वाचवली होती, आणि तसं एका ओळीत सांगितलंही होतं. तीच ओळ तिनं कधी वाचली नव्हती. नियमाच्या हिशेबी तर शहाऐंशीच्या शहाऐंशी सारखे.

तिनं एक ओळ वाढवली: सारखे असतील तर चिठ्ठीचा नंबर पाहा. नवी यादी निघाली. जुनीत नववं असलेलं तिच्या आईचं नाव आता सहासष्टावं होतं.

आई आत ऑपरेशनचा हिरवा झगा घालून, डोळ्यांत थेंब घेऊन बसली होती.

“आई, ऊठ. यादी चुकली होती. माझ्याच हातून.”

“गावाची रांग लावलीस, आणि उठवतेस मला?”

“तुझी चिठ्ठी सहासष्टची, आई.”

“तुझी कॉफी गाळत बसले, म्हणून उशीर झाला.”

इरासीनं झग्याच्या गाठी सोडल्या, दारावर नवी यादी लावली आणि आईचा हात धरून फाटकाबाहेर पडली. नाव गळालेले बाकीचे पंचवीस जण यादीकडे पाठ करून त्या दोघींकडे पाहत उभे होते.