ओलाईचा मुक्काम

रविवारी दुपारची जेवणं झाली की रत्नमाला पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून भिंतीला लावायची आणि फरशीवर तिचा तक्ता पसरायची. चार कार्डशीट चिकटपट्टीनं जोडून केलेला, घड्यांवर मळलेला. त्यावर पेन्सिलीनं काढलेले डोंगर, कुरणं, गढ्या आणि मधून वाकडीतिकडी गेलेली एक नदी. त्या मुलखाचं नाव नऊकुरण. तो सगळा तिनं स्वतः रचलेला होता.

खेळ असा, की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्यातलं एकेक माणूस होतात. आपल्या माणसानं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं ते फासे सांगणार. आक्काबाईंनी, म्हणजे रत्नमालाच्या आईनं, पहिल्या दिवशी हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "म्हंजे नाटकच. पण मांडी घालून." त्यात फारशी चूक नव्हती.

रत्नमाला अडतिशीची. छावणीतल्या एका रक्ततपासणीच्या दुकानात काउंटरवर बसायची. लहानपण बिडकीनकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं. आज इथं, परवा तिथं; घरातले देवसुद्धा टोपलीत बसून घोड्यावरून हिंडायचे. मग एका दुष्काळात वडलांनी मेंढरं विकली, शहरात राखणदारी धरली आणि पुंडलिकनगरात या दोन खोल्या झाल्या. वडील आता नव्हते. रत्नमालाचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. सासरी दिवसातून दहादा ऐकावं लागायचं, "एका जागी गप बसायला काय होतं तुला?" एका सकाळी ती उठली आणि निघून आली. त्यावर घरात कुणी बोलत नसे. शेजारी मात्र अजून बोलत.

हा खेळ तिला फोनवर सापडला होता. तिथल्या लोकांच्या गोष्टीत बर्फ फार आणि मेंढरं नावाला. तिनं आपला वेगळा मुलूख केला. खेळायला दोघं मिळाले. एक सुकेशनी, तिच्याच दुकानात रक्त काढायची. नऊकुरणात ती चोरटी वैदूबाई होती. दुसरा सत्यम, बिडकीनच्या शेतकरी घरातला, कंपनीत माल तपासायला होता. नऊकुरणात तो पाषाणगढीचा सरदार. तिघांपैकी एक जरी गेला तरी खेळ संपणार होता. आणि रत्नमालाच्या आठवड्यात रविवार सोडला तर दुसरं काही नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तेच होऊ घातलं होतं. कारण होती ओलाई.

ओलाई ही नऊकुरणची पाण्याची देवी. ती बसेल तिथं नदी. तक्त्यावर तिच्या जागी एक सुपारी ठेवलेली असायची, आणि आजूबाजूचे तांदळाचे दाणे म्हणजे मेंढरं. सत्यमच्या सरदारानं दोन वर्षं खपून गढीत तिचं दगडी देऊळ बांधलं होतं. आणि मागच्या रविवारी रत्नमालानं सांगितलं, की पहाटे पुजारी बघतो तर गाभारा रिकामा. ओलाई उठून गेली आणि मागोमाग नदीही गेली.

सत्यमचं तोंड उतरलं. मग आठवडाभर तिघांच्या फोनवरच्या ग्रुपात वाद पेटला.

"ताई, देऊळ बांधलं की देवी बसली. बसलेली देवी हलत नसती. तुमच्याच मुलखाची रीत हाय ही."

"अशी रीत मी कधी सांगितली? नऊकुरणात ओलाईच्या सात बैठका आहेत. सात ठिकाणी बसलेली बाई चालल्याशिवाय कशी बसेल?"

"त्या सात बहिणी हायत! पाण्याच्या देवी सातच असत्यात. प्रत्येकीची एक बैठक."

"मग सातीजणींचं नाव ओलाईच?"

"जुळ्या असतील," मध्येच सुकेशनीनं टाकलं, आणि दोघांनीही तिच्याकडं दुर्लक्ष केलं.

शनिवारी सत्यमचा आवाज आला, शांत आणि थोडा थकलेला. "ताई, देवी गेली असंल तर माझ्या सरदाराला तिथं काम नाय. आन मलाबी. उद्या येतो, तेवढं बोलून घेऊ."

रविवारी रत्नमालानं तक्ता सकाळीच पसरला. हाताला चाळा हवा होता. सुपारी तिनं गढीच्या बाहेर, वाटेवर ठेवली, पुन्हा आत ठेवली, शेवटी आतच राहू दिली आणि फरसाण आणायला गेली. परत येऊन बघते तर तक्त्याच्या कडेला उदबत्ती, सुपारीवर सदाफुलीचं फूल, आणि सुपारीला हळद-कुंकू.

"आई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे?" आक्काबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सुपारी मांडली, तांदूळ मांडले, आन तू निघून गेली. म्हटलं, मी कवाची सांगती ते व्रत पोरीनं मनावर घेतलं शेवटी. रविवारी मांडती तवा तुम्ही सगळे भोवती बसलेले असता, मला काय दिसतंय त्यात?"

तेवढ्यात सुकेशनी आणि पाठोपाठ सत्यम आला. चपला काढता काढता त्याची नजर तक्त्यावर गेली आणि इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा हसला.

"घ्या! बसली देवी. हळद-कुंकवासकट बसली. आता हलवून दाखवा, ताई."

रत्नमालानं हात पुढं केला आणि मागं घेतला. तिचाच खेळ, तिचीच सुपारी, पण उचलवेना.

"काय ताई तुम्हीपण," सुकेशनी म्हणाली. "खेळातली सुपारी आहे ती."

"मग तू उचल."

"मी? माझा आज अडचणीचा दिवस आहे."

सत्यम खाली बसला. हसू ओसरलं होतं. "ताई, खरं सांगू? आमच्या मळ्यातली आज्याची विहीर बुजवली, वरून रस्ता गेला. आता तिथून गाडीवर जाताना कुठं होती तेबी नीट सांगता येत नाय मला. पैसे मिळाले, घर झालं, सगळं व्हय. पण सगळंच हलतंय. इथं तरी एक गोष्ट जागेवर ऱ्हाऊ द्या की."

रत्नमालानं तक्त्याची सुटलेली चिकटपट्टी बोटानं दाबली. मग म्हणाली, "सत्यम, तुझं कळतंय मला. पण उठून गेलेली बाई चुकलीच, असं सगळीकडं ऐकते मी. नऊकुरणात तरी ते ऐकायचं नाही. ती रागानं गेली नाही, कुणाला शाप देऊन गेली नाही. तिला जावंसं वाटलं, ती गेली. एवढंच मला पाहिजे."

पंखा फिरत होता. उदबत्तीची राख पाषाणगढीच्या बुरुजावर पडली.

तेवढ्यात खालून हाक आली, "नळ आला होऽ!"

आठवडा होऊन गेला होता पाण्याला. सुकेशनीनं न सांगता ओढणी कमरेला बांधली. पाइप मागच्या खोलीतून पुढं आणायचा, पिंपं दारात सरकवायची, आणि मधल्या फरशीवर नऊकुरण पसरलेलं.

"हा पसारा उचला आधी," आक्काबाई पाइपाचं वेटोळं घेऊन आल्या. तिघंही सुपारीकडं बघत उभे. आक्काबाईंना क्षणभर कळेना, मग कळलं. त्यांनी पाइप खाली ठेवला, तक्त्यावरचीच चार मेंढरं अक्षतांसारखी चिमटीत घेऊन सुपारीवर टाकली आणि सुपारी जराशी हलवली. "चल माय, पानी आलंय. सरक जरा." माळावर मुक्काम हलवताना टोपलीतल्या देवांना त्या असंच म्हणायच्या. मग सत्यमकडं वळल्या. "अंघोळ केली का रे?"

"व्हय, मावशी."

"मग धर. खाली ठिवू नको कुठं."

सत्यम तळहातावर सुपारी घेऊन उभा राहिला. बाकी बायका पिंप ओढत होत्या आणि हा दारात देवासारखा उभा. "अरे, हात लाव की!" सुकेशनी ओरडली.

"हातात ही हाय ना!"

"मग खिशात घाल तिला!"

त्यानं सुपारी शर्टाच्या खिशात घातली आणि पाइपाचं तोंड धरलं. पाणी बारीक येत होतं. पिंप, बादल्या, पातेली, कळशी, शेवटी कुकरसुद्धा भरून झाला. खेळ काही झाला नाही. सत्यम ओल्या बाह्यांनी चहा प्यायला, "येतो" म्हणाला आणि गेला. पुढल्या रविवारबद्दल अवाक्षर नाही. रत्नमालानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"ताई, घोळ झाला. ती माझ्या खिशातच ऱ्हायली."

"कोण?"

"ओलाई. शर्ट धुवायला टाकला, आईनं खिसा तपासला. कुंकू लागलेली सुपारी. कोण देवी म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं. घेतली आन देवघरात ठिवली."

"मग रविवारी आण की परत."

"आई उचलू देतीय व्हय! म्हणती, आपल्या पायानं घरात आलेली देवी माघारी धाडायची नसती."

रत्नमाला भिंतीला टेकली. "कुणाच्या पायानं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग सत्यम म्हणाला, "आईच्या मतानं देवीच्याच."

"आणि तुझ्या?"

"मी आणली नाय, एवढं खरं. मला ध्यानातच नव्हतं." त्याच्या आवाजात हसू होतं, ते लपेना. "पण ताई, आता इथून हलणार नाय हां ती."

"बघू. किती दिवस राहते ते."

"रविवारला दुसरी सुपारी मी आणू, का तुमच्याकडं हाय?"

रत्नमालानं डोळे मिटले आणि उघडले. "आहे. पण आधी तुझ्या घरी येऊन नव्या सुपारीची ओलाईशी भेट करवावी लागेल. त्याशिवाय कशी मांडायची?"

"रिकाम्या हातानं जाऊ नको," आतून आक्काबाई म्हणाल्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. "ओटी ने."

फोन ठेवून रत्नमालानं तक्ता उलगडला. खोडरबरानं नदी पुसून तिनं ती नव्यानं काढली, वाटेवरून वळवून थेट पाषाणगढीच्या दारापर्यंत. जुनी रेघ पुरती गेली नाही. फिकट दिसत राहिली. गढीच्या पलीकडं कागद कोरा होता, तो तिनं तसाच ठेवला.

आक्काबाई सूप घेऊन आल्या. "हे तांदूळ पाखडून डब्यात टाकू का आता?"

"नको, आई. मेंढरं आहेत ती."

"मग वाटीत घाल," त्या म्हणाल्या. "मुंग्या लागतील."