झेरॉक्सवाल्याचं वाक्य

कंपू भागातला तो झेरॉक्सवाला कागद मशीनवर ठेवण्याआधी अंगठा ओला करून प्रत्येक पान वाचायचा. माझा प्रबंध ज्या कादंबरीवर होता, तीही त्याने तशीच वाचली. तिच्यात बायकोचा खून केलेला नवरा स्वतःच आपली हकिगत सांगतो. मी त्या नवऱ्यावर इतकी भाळले होते, की प्रबंधाला ‘प्रेमाची शोकांतिका’ असं नाव दिलं होतं.

“ताई, हा बोलतो गोड,” झेरॉक्सवाला म्हणाला, “पण पूर्ण किताबमध्ये बायकोला एकदा पण बोलू नाही दिलं.”

मी प्रबंधाचं नाव बदललं. त्याचं वाक्य शुद्ध मराठीत, माझं म्हणून, पहिल्याच पानावर घातलं.

बाइंडिंग करताना त्याचा अंगठा नेमका तिथेच थांबला.

“हे एकदम बरोबर लिहिलंय तुम्ही, ताई.”

मी थँक्यू म्हणाले.