चिवड्याच्या डब्यातल्या किल्ल्या

तुमच्या चिवड्याच्या डब्यात कधी बंदुकीच्या कपाटाच्या किल्ल्या सापडल्यात का हो?

माझ्या सापडल्यात. दर शनिवारी सकाळी आमच्या दारात चिखलाचे बूट जमतात, बुटांमागून माणसं येतात आणि माणसांमागून किस्से. पाच वर्षांत इतके साचलेत की काढून ठेवायला जागा नाही. आतापर्यंत मी ते भिशीत हसून सांगत आले. आज हसू येत नाही. तरी सांगते.

आम्ही लेस्टरजवळ राहतो. माझे मिस्टर अनिल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. त्यांचे मित्र मिलिंद हाडांचे सर्जन. मी त्यांना मिलिंदभावजी म्हणायचे. आणि तिसरे रॉय, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शेतांवर राखणदारी केलेले. त्यांनीच ह्या दोघांना रायफल धरायला शिकवली. शिकार कसली, तर मुंटजॅकची. म्हणजे आपल्याकडचं भेकरच, त्याचं चिनी भावंड. शेतातली रोपं, जंगलातली कोवळी झाडं सगळं खाऊन टाकतं, म्हणून शेतकरी स्वतःहून बोलावतात. मी पाटणची. लहानपणी डोंगरातून भेकराचं भुंकणं ऐकलंय. इथे पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे म्हणाले, "कुठून आला आवाज? दिशा सांग, दिशा!"

*

रायफलीचं कपाट घरात ठेवायचं, तर इथला कायदा कडक. ज्याच्या नावावर लायसन्स, त्याच्याच हातात किल्ल्या. बायकोला त्या कुठे आहेत हे माहीतसुद्धा असता कामा नये!

एक जोडी ह्यांच्या खिशात. दुसरी लपवायची होती. आधी मसुराच्या डब्यात ठेवली. मी आमटी केली, सापडली. मग देवघराच्या खणात. मी वाती काढायला गेले, सापडली. मग पाहुण्यांच्या गादीखाली. बहीण आली, तिला टोचली.

"अगं, तू बघतेस कशाला?" हे चिडले.

"अहो, तेवीस वर्षं हे घर मी आवरतेय. मला माहीत नाही अशी एक जागा तुम्हीच दाखवा!"

पहिल्या लायसन्सच्या वेळी पोलिसांच्या ऑफिसर बाई आल्या. जॅनेट नाव. त्या यायच्या आधी हे माझ्या कानाशी म्हणाले, "किल्ल्यांचं विचारलं तर नाही म्हण. बाकी काही बोलू नकोस."

जॅनेटनी चहा घेतला आणि विचारलंच, "किल्ल्या कुठे असतात, तुम्हाला माहीत आहे?"

मी त्यांना वाढायला चिवड्याचा डबा हातात घेतला होता.

"नाही," मी म्हणाले.

डबा खुळखुळला.

*

मिलिंदभावजींनी पहिल्या महिन्यात सगळं विकत घेतलं. पानाफुलांचे छापे असलेला कोट, तसलीच टोपी, तसलेच मोजे. दुर्बीण अशी की चंद्रावरची माणसं दिसावीत. पहाटे मचाणावर चढले आणि तीन तास बसले. एक ससाही फिरकला नाही.

दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी रॉयनी शिडीखाली उभं राहून नाक वर केलं.

"डॉक्टर, आफ्टरशेव्ह फार छान आहे. सगळ्या जंगलाला आवडलंय. म्हणूनच ते मान राखून लांब उभं आहे!"

*

एकदा गाडीत सामान भरताना भावजींची रायफल बॉनेटवरून खाली पडली. रॉय म्हणाले, "आता कागदावर मारून बघा. रायफलीवरची दुर्बीण हलली असेल." तो नियमच आहे. रायफल पडली की आधी कागदावर नेम तपासायचा, मग जनावर.

भावजी म्हणाले, "रॉय, मी रोज माणसांच्या हाडांत स्क्रू बसवतो. मला नेम शिकवू नका."

शेवटी ह्यांनी फार आग्रह केला म्हणून खोक्यावर कागद चिकटवला. भावजींनी पाच गोळ्या मारल्या. कागद कोरा. खोकंही कोरं.

रॉयनी खोकं चारही बाजूंनी फिरवून बघितलं. मग फार काळजीने म्हणाले, "डॉक्टर, ते पेशंट आता चालतात का?"

*

हा किस्सा मी भिशीत कधी सांगितला नाही.

पुढच्याच महिन्यात रायफल परत पडली. या वेळी रॉय नव्हते, त्यामुळे भावजींनी ते कोणाला सांगितलंच नाही. भेकराची मादी दिसली, गोळी झाडली. लागली, पण मागे, पोटात. ती पळाली. भावजींना लंडनजवळ स्टॅनमोरला सासऱ्यांच्या वाढदिवसाला जायचं होतं. ते गेले!

ह्यांनी घरी फोन केला. मी रॉयना त्यांच्या कुत्रीसकट गाडीत घातलं आणि पोचले. काटेरी झुडपांतून दोन तास आम्ही तिघं रक्ताचे ठिपके शोधत होतो. रॉयना गुडघ्यांवर वाकवत नव्हतं, म्हणून मीच रांगले. सापडली तेव्हा ती जिवंत होती. माझ्याकडे बघत होती. रॉयनी मला तोंड फिरवायला सांगितलं.

हात धुते आहे तोच भावजींचा फोन.

"मिळाली का वहिनी? वा! मग मागची मांडी माझ्यासाठी ठेवा. सुक्कं काय करता तुम्ही!"

मी त्या रविवारी दुधी केला. त्यांना डब्यात घालून दिला. झाकण उघडून बघेपर्यंत हसत होते म्हणे.

*

भावजींचा एक नेम मात्र खरंच लागला होता. साठ पावलांवरून. पावलं रॉयनीच मोजली होती.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये ऐकलं, ऐंशी यार्ड. दिवाळीत दोनशे झाले. होळीला साडेतीनशे, वर सुसाट वारा.

मी रॉयना सांगितलं. रॉय सगळ्या बायकांना 'डक' म्हणतात, इथली रीतच आहे. म्हणाले, "थांब, डक. पुढच्या गणपतीपर्यंत ते भेकर समुद्र ओलांडून नॉर्वेला पोचेल!"

*

रॉयचा पहिला धडा मला पाठ आहे, मी कधी रायफल धरली नसली तरी. "गोळी कुठे थांबणार ते आधी बघा. भेकर नंतर." ही गोळी दिसायला पेन्सिलीच्या टोकाएवढी. पण मागे मातीचा उतार नसेल तर मैलभर जाते. म्हणून टेकाडाच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ असेल, तर मारायचं नाही. कधीच नाही.

या नोव्हेंबरात रॉय आजारी होते. मी नेहमीसारखी थालीपिठं आणि चहाचा फ्लास्क घेऊन शेतावर निघाले. टेकाडापलीकडून पायवाट आहे, सगळ्या गावाची, पाटी लावलेली. मी फाटकाची कडी काढली, आत आले, कडी परत लावली. चार पावलं टाकली असतील.

हवेत चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि मागे फाटकाच्या खांबाची ढलपी उडाली.

मी खाली बसले. थालीपिठांचा डबा पोटाशी धरला होता, का ते मला अजून कळत नाही.

भावजी माथ्यावरून धावत आले. मागून हे. हे पांढरेफटक पडले होते. भावजींचं पहिलं वाक्य ऐका.

"वहिनी, तुम्ही मध्ये कुठे आलात?"

मी मध्ये आले! मी!

त्या दिवसापासून मी त्यांना भावजी म्हणत नाही.

घरी आल्यावर मिलिंद म्हणाले, "घरातलीच गोष्ट आहे. बाहेर गेली तर माझं लायसन्स जाईल, हॉस्पिटलमध्ये चौकशी लागेल. कोणाला काही झालेलं नाहीये." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटांचा चिखल काढत होते. काढतच राहिले.

रॉय बरे झाल्यावर मीच त्यांना फाटकापाशी नेलं. त्यांनी खांबाच्या भोकात करंगळी घातली. मग मला खांबाशेजारी उभं केलं. भोक माझ्या कोपराच्या उंचीवर होतं. घरी परतल्यावर गाडीतून उतरताना म्हणाले, "त्याला शिकवलं मी, डक. पण तिथे उभी तू होतीस. तू ठरव."

*

आता शेवटचा.

पाच वर्षं झाली, ह्यांचं लायसन्स रिन्यू करायचं होतं. जॅनेट गुरुवारी दुपारी येणार. बुधवारी मिलिंदचा फोन. "वहिनी, मागच्या वेळी म्हणालात तेच म्हणा. एकच शब्द तर आहे."

गुरुवारी जॅनेट आल्या. केस पिकलेत आता. ह्यांनी वर नेऊन कपाट दाखवलं, नंबर ताडून झाले. खाली आल्या, टेबलाशी बसल्या, कागद काढला. हे माझ्या समोर, हात मांडीवर.

"किल्ल्या कुठे असतात, तुम्हाला माहीत आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्हाला काळजी वाटावी असं काही घडलंय का?" त्यांनी पुढचाही प्रश्न लगेच विचारून टाकला.

मी उठले. चिवड्याचा डबा काढला. आत हात घातला, किल्ल्या काढल्या, शेंगदाणे झटकले आणि जॅनेटसमोर ठेवल्या.

"अगं!" हे म्हणाले.

"तुमचा चहा गार झाला असेल," मी जॅनेटना म्हणाले. "दुसरा टाकते. जरा वेळ लागेल मला सांगायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला रायफली न्यायला पोलिसांची व्हॅन आली. आधी आमच्याकडे थांबली, मग मिलिंदकडे.