सेटल नको, बेबाकी द्या

“हे बघा ताई, लॅमिनेशन पण करून घेतलंय,” असं म्हणत रेखाताईंनी बँकेचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. “तरी बी लोन नाय म्हणत्यात.”

मी पत्र वाचलं. “हे तुम्ही फायनान्सवाल्याला स्वतःहून दाखवलंत?”

“मग? फाइलीत सगळ्यात वरती हेच लावलं. लपवायचं काय त्यात? सेटल झालं म्हणून सरळ लिहिलंय ना!”

लिहिलं होतंच. ठळक इंग्रजी अक्षरांत, बँकेच्या शिक्क्यासकट. आपल्याकडे ‘मुलगा सेटल आहे’ म्हटलं की मुलीकडचे लोक पुढच्या बैठकीची तारीख काढतात. ज्या शब्दावर आपण लेकी देतो, त्याच शब्दावर बँका कर्ज नाकारतात. हे रेखाताईंना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं ज्यांचं काम होतं त्यांनी तर मुद्दामच सांगितलं नव्हतं.

क्रांती चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ग्राहक मदत केंद्र आहे. दोन खोल्या, एक कूलर. मी इथे आले ती पत्रकं लिहायला. ‘वसुली एजंट दारात आला तर काय कराल?’ हे पत्रक माझंच. नंतर लोक पत्रक हातात घेऊन थेट वर यायला लागले, आणि मग लिहिण्याबरोबर भांडणंही माझ्याकडे आली. मला दोन्ही आवडतं.

आधी तो शब्द समजून घ्या. आपण कर्ज कसं फेडतो याची नोंद क्रेडिट ब्युरो नावाच्या कंपन्या ठेवतात. नवीन कर्ज देणारा आधी तो रिपोर्ट उघडतो. खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असेल तर तुम्ही सगळं फेडलं. ‘सेटल्ड’ असेल तर त्याचा अर्थ असा, की या माणसाने पूर्ण दिलं नाही, आम्ही नाइलाजाने थोडक्यात मिटवलं, तुम्ही सांभाळून राहा. रेखाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लॅमिनेट केलेलं पत्र उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाल्या, “म्हंजी मेंढराच्या कानाला खूण करत्यात, तशी केली व्हय माझ्या नावाला?”

त्यांचं माहेर वैजापूरकडचं. भाऊ अजून मेंढरं राखतो. त्या स्वतः मुकुंदवाडीत राहतात आणि शाळेची व्हॅन चालवतात, स्वतःची. पण त्या व्हॅनचं वय संपलं होतं. आरटीओ पुढचं फिटनेस देणार नव्हतं. शाळा उघडायच्या आत दुसरी व्हॅन दारात आली नाही तर पालक पोरं दुसऱ्या गाडीत बसवणार, आणि एकदा गेलेलं पोर परत येत नाही. घर त्याच व्हॅनवर चालतं. नवऱ्याच्या कंपनीत काम कधी असतं, कधी नसतं.

ते पत्र क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं. गोष्ट नेहमीचीच होती. जुन्या व्हॅनचं इंजिन बसलं, तेव्हा काम कार्डावर केलं. बिलावर दर महिन्याला दोन आकडे येतात, एक पूर्ण देणं आणि एक ‘मिनिमम ड्यू’. रेखाताईंनी छोट्या आकड्याला हप्ता समजून तो नेमाने भरला. लाखो लोक हेच समजतात. तो हप्ता नसतो. तो भरल्याने फक्त दंड टळतो. उरलेल्यावर व्याज चालूच राहतं, आणि ते इतकं असतं की सावकारालाही मागताना लाज वाटावी. फेडतोय फेडतोय म्हणता देणं वाढत गेलं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॅन उभी राहिली, दोन-तीन बिलं चुकली, आणि वसुलीचे फोन सुरू झाले.

फोन रेखाताईंना आले ते आलेच. पण व्हॅनमधल्या मुलांच्या आयांनाही आले! ‘तुम्ही ज्या बाईच्या गाडीत मूल पाठवता ती पैसे बुडवणारी आहे, तिला सांगा.’ नंबर कुठून मिळाले ते बँकच जाणे. कर्जदाराच्या ओळखीपाळखीच्यांना असे फोन करायला नियमाने बंदी आहे. ती बंदी कागदावर असते आणि फोन खिशात असतो.

“त्या दिसापासून आया माझ्याकडं बघायच्या नाहीत,” रेखाताई म्हणाल्या. “पोरं तेवढी बसवायच्या.”

त्यांनी भिशी उचलली आणि वसुलीवाल्याचा पुढचा फोन आला तेव्हा सांगितलं, एकदाचं पूर्ण बंद करायचंय. तो म्हणाला, अहो पूर्ण कशाला, सेटल करा, कमी लागतील. महिनाअखेर होती, त्याला टार्गेट होतं. रेखाताईंनी पैसे भरले. पत्र आलं. त्यांनी लॅमिनेशन केलं.

“पण ताई, मी त्याला बेबाकी मागितली व्हती. धा खेपा म्हनलं, मला बेबाकी पायजे.”

“फोनवर? ह्याच शब्दात?”

“मग दुसरा कुठला शब्द हाय? सोसायटीचं पीककर्ज फिटलं की आमचा बा बेबाकीचा दाखलाच आणायचा की.”

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. निजामाच्या काळापासून आमच्याकडे हा शब्द आहे. बाकी काही उरलं नाही असा दाखला, तो बेबाकी. इंग्रजीत त्याला नो ड्यूज म्हणतात. म्हणजे बाईंनी मागितलं ते बरोबरच मागितलं होतं, फक्त त्यांच्या भाषेत.

आमच्या केंद्राचे काळे सर बँकेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून ते म्हणाले, “अगं, माफ केलेली रक्कम आता भरून टाकायची. बँक नोंद बदलते. आठ दिवसांत विषय संपेल. भांडत बसलीस तर शाळा उघडेल आणि गाडी नसेल.”

सल्ला चुकीचा नव्हता. सेटल झालेलं खातं दुरुस्त करायचा सरळ रस्ता तोच आहे. बाकी ‘स्कोअर वाढवून देतो, डाग पुसून देतो’ म्हणणारे बोर्ड शहरात पैशाला पासरी आहेत. त्यांना एक रुपया देऊ नका. ज्या बँकेने नोंद टाकली तीच ती बदलू शकते, दुसरं कुणी नाही. रेखाताई माफ झालेली रक्कम भरायला एका पायावर तयार होत्या. आम्ही शाखेत गेलो.

तिथल्या साहेबांनी संगणकात बघून आकडा सांगितला. माफ केलेली रक्कम, तेव्हापासूनचं व्याज, व्याजावर कर, आणि उशिराचा दंड.

“सेटलमेंटनंतर दंड कसला?” मी विचारलं.

“सिस्टिम दाखवतेय मॅडम.”

“सिस्टिमला विचारा, खातं मिटलं होतं की नव्हतं? मिटलं असेल तर व्याज का? मिटलं नसेल तर हे पत्र का?”

“ते हेड ऑफिसला विचारावं लागेल.”

“विचारा. आम्ही बसतो.”

“असं बसून होत नाही मॅडम.”

“साहेब,” रेखाताई शांतपणे म्हणाल्या, “मी रोज शाळंच्या दारात तासभर बसून ऱ्हाते. मला सवय हाय.”

साहेबांनी पाणी मागवलं. आकडा काही बदलला नाही.

केंद्रात परत येऊन मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला तक्रार लिहिली. नोडल अधिकारी म्हणजे शाखेने ऐकलं नाही की ज्याच्याकडे जायचं तो बँकेतलाच वरचा माणूस. तक्रारीत दोन मुद्दे होते. एक, ग्राहकाने पूर्ण बंद करायला मागितलं असताना सेटलमेंट गळ्यात मारलं, म्हणून माफ केलेली मूळ रक्कम घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करा, वरचं व्याज मिळणार नाही. दोन, मुलांच्या पालकांना फोन केले, त्याची चौकशी करा. त्यातल्या दोन आयांनी तसं लिहून दिलं. शेवटी एक ओळ घातली: ‘हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जात आहे’ असं आपणच प्रत्येक वेळी ऐकवता, तर ते रेकॉर्डिंग काढा.

ब्युरोकडेही हरकत नोंदवली. ब्युरो स्वतः काही तपासत नाही, बँकेला विचारतो. बँकेने कळवलं, नोंद बरोबर आहे. हरकत निकालात. चोराला विचारून पंचनामा! मी चिडून पत्रकच लिहायला घेतलं. काळे सर म्हणाले, “पत्रक नंतर. आधी बाईंची गाडी.”

मग नोडल अधिकाऱ्यांचा निरोप आला. बोलायला तयार होते, व्हिडिओवर. स्क्रीनवर एक सभ्य, थकलेले गृहस्थ दिसले. मराठी समजत होतं, बोलत हिंदी होते. त्यांच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर होता.

“मॅडम, रेकॉर्डिंग निकाला है हमने. कस्टमर ने सेटलमेंट को साफ हाँ कहा है.”

“ऐकवा मग.”

त्यांनी खुशाल लावलं. आमच्या कूलरच्या आवाजावरून एजंटचा आवाज आला.

“तो मॅडम, सेटलमेंट के लिए हाँ बोल दीजिए.”

मग रेखाताई, आमच्या इथल्या खास हिंदीत, जिथे ‘होना’ म्हणजे ‘पाहिजे’: “देखो दादा, मेरेकू बेबाकी होना. बेबाकी देते क्या?”

“अरे मॅडम, बेबाक तो आप हैं ही!” एजंट हसला. “ऐसे खुल के कौन बोलता है?”

“हसू नको. बेबाकी मिलेगी ना पूरी?”

“पूरी मिलेगी मॅडम, टेंशन मत लो. हाँ बोलो.”

“मिलती तो हां.”

रेकॉर्डिंग संपलं. अधिकारी आमच्याकडे बघत राहिले. “हाँ तो बोला है ना?”

“कशाला हो म्हणाल्या?” मी विचारलं. “बेबाकी म्हणजे काय, सर?”

“मतलब... बिनधास्त, साफ बोलनेवाली...”

काळे सर तोवर मागे बसून ऐकत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “तो बेबाक वेगळा साहेब. हा शब्द बे आणि बाकी. बाकी शून्य. तुमच्या भाषेत नो ड्यूज. आमच्याकडच्या कुठल्याही सोसायटीत विचारा. बाईंनी दोनदा नो ड्यूज मागितलं. तुमच्या माणसाने एकदा चेष्टा केली आणि दुसऱ्यांदा ‘पूरी मिलेगी’ म्हणून सांगितलं. रेकॉर्डिंग आमचं नाही, तुमचं आहे.”

पलीकडे माइक बंद झाला. ओठ हलताना दिसत होते, कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. रेखाताईंनी मला कोपर मारलं. “त्या एजंटाला बी ऐकवा म्हणावं हे. माझी चेष्टा करत व्हता मेला.”

माइक चालू झाला. बँक फक्त माफ केलेली मूळ रक्कम घेईल, व्याज-दंड सोडेल, नोंद ‘क्लोज्ड’ करेल. पत्र आजच निघू शकतं. फक्त एक छोटी फॉर्मॅलिटी. पालकांना केलेल्या फोनची तक्रार मागे घेतो असं एका ओळीत मेल करायचं.

आता बघा. शाळा उघडायला आठवडा उरला होता. तो मेल केला असता तर व्हॅन वेळेत आली असती. मी रेखाताईंना बाजूला नेऊन तेच सांगितलं. म्हटलं, इथे माझं मत नका विचारू, गाडी तुमची, निर्णय तुमचा. आम्ही तुम्हाला बोल लावणार नाही.

त्या परत स्क्रीनसमोर आल्या. “साहेब, त्या आयांना तुमच्या माणसानं जे फोन केलं, ते तुम्हाला मागं घेता येत्यात का?”

“वो तो... हो चुका है, मॅडम.”

“मग मी तक्रार कशी मागं घेऊ?”

बैठक तिथेच संपली. पत्र त्या दिवशी आलं नाही. शाळा उघडली तेव्हा रेखाताई शेजारच्याची व्हॅन भाड्याने घेऊन चालवत होत्या, आणि दिवसाची कमाई जवळजवळ सगळी त्यालाच जात होती. चार घरांनी पोरं काढून घेतली. मला झोप लागत नव्हती. त्या मात्र फोनवर म्हणायच्या, “चार गेली तर गेली, लई घोर नका लावून घेऊ त्यांचा.”

मी प्रकरण लोकपालाकडे नेलं. बँकेविरुद्धच्या तक्रारींसाठीचा लोकपाल, अर्ज फुकट, वकील लागत नाही. रेकॉर्डिंगमधलं संभाषण शब्दशः लिहून जोडलं, शेजारी बेबाकीचा अर्थ. निकालापर्यंत जायची वेळच आली नाही. लोकपालाची नोटीस पोचली आणि सिस्टिमला अचानक सगळं दिसायला लागलं. बँकेने मूळ रक्कम घेतली, नोंद ‘क्लोज्ड’ केली आणि पालकांना फोन करणाऱ्या वसुली एजन्सीवर कारवाई केल्याचं लेखी कळवलं. त्या दोन आयांना माफीची पत्रं गेली. एकीने ते पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं.

कर्ज मंजूर झालं, पण चढ्या दराने. ‘सेटल्ड’ गेलं तरी चुकलेल्या बिलांच्या जुन्या नोंदी रिपोर्टवर काही वर्षं राहतात, आणि त्या खऱ्या असल्याने कुणी काढू शकत नाही. पुढची बिलं वेळेवर भरत राहणं एवढाच त्यावर इलाज. काढून घेतलेल्या चार पोरांपैकी एकच परत आलं.

म्हणून सांगते. फोनवर कुणी ‘सेटल’ म्हणालं की विचारा, रिपोर्टवर काय लिहिणार? उत्तर लेखी मागा, आणि पैसे त्याच्यानंतर भरा, आधी नाही. बँकेची चूक झाली की तिला ‘असुविधा’ म्हणतात आणि खेद व्यक्त करतात. तुमची झाली की नोंद ठेवतात. त्या नोंदीचा चढा दर रेखाताई अजून दर महिन्याला भरतायत.