मल्लिनाथ गुरुजींचं महागडं घर

लातुरात ट्यूशनच्या भागात कुणालाही मल्लिनाथ गुरुजींचं घर विचारा, तो आधी हसतो आणि मग बोट दाखवतो. एका अंगाला पाच मजल्यांचं मुलींचं होस्टेल, दुसऱ्या अंगाला मेस, मेसवर अभ्यासिका, अभ्यासिकेवर कोचिंग क्लासचा फलक, आणि ह्या सगळ्याच्या मधी, बत्तिशीतला एक दात पडावा तसं पत्र्याचं बुटकं घर. पुढं लिंबोणीचं झाड, झाडाखाली खुर्ची, खुर्चीत गुरुजी. रिक्षावाले त्या जागेला ‘म्हातारा स्टॉप’ म्हणायचे. गुरुजींना ते माहीत होतं. एकदा एक पोरगी रिक्षातून उतरून त्यांनाच विचारत होती, “काका, म्हातारा स्टॉप हाच का?” गुरुजी म्हणाले, “हाव, मीच.”

प्लॉट घेतला तेव्हा तिथं नुसत्या बाभळी होत्या. शिरूर अनंतपाळच्या शाळेतला पगार, त्यात दुसरं काय येणार? मेव्हणा म्हणाला होता, “दाजी, हितं काय डुकरांची शाळा काढताव का?” भूकंपाच्या साली गुरुजींची नेमणूक किल्लारीच्या बाजूला होती. ढिगाऱ्याखालून काय काय काढलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. पण बांधकाम काढल्यावर गवंड्याला एवढंच म्हणाले, “डोक्यावर दगड नको अन् सिमेंट नको. पत्रा टाक. पडला तर उचलता तरी येतो.”

पुढं लातुरात डॉक्टर-इंजिनिअर पिकायला लागले. गावोगावची पोरं बाडबिस्तरा घेऊन उतरली आणि बाभळीच्या जागी मजले उगवले. शेजारच्या गुंडप्पानं तर होस्टेल असं बांधलं की खालच्या मजल्याला प्लास्टर व्हायच्या आत वरच्या मजल्यावर पोरी राहायला. तो उठता-बसता म्हणायचा, “गुरुजी, सोन्यावर बसून राहिलाव तुम्ही, सोन्यावर. अन् खाता काय? भाकरी.”

“मग काय सोनं खाऊ का?” गुरुजी म्हणायचे.

गुरुजींना सोनं नको होतं. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, ह्याच पत्र्याखाली मरावं. दोन, त्याआधी मुलाचं, सर्वेशचं लग्न व्हावं. सर्वेश नांदेडला एका खाजगी बँकेत होता आणि तिशी ओलांडून बसला होता. मुली बघायला म्हणून हे जायचे आणि मुलीच ह्यांना बघून ‘कळवतो’ म्हणायच्या. कळवत कुणी नव्हतं.

शेवटी गुंडप्पानंच स्थळ आणलं. उदगीरचे माणिकप्पा, आडत व्यापारी, मुलगी भार्गवी, शिकलेली. चहाची बशी फुंकत गुंडप्पा म्हणाला, “पाव्हणे लई चौकस हायती, गुरुजी. बैठकीच्या आधी दोघं जण धाडतेत, घरदार बघायला. पण सांगून न्हाई हं येत. गेल्या साली वैजनाथच्या घरी गॅसवाले म्हणून आले. शेगडी तपासली, अन् तपासता तपासता सासू सुनेला कशी बोलती तेबी तपासलं. वळखा म्हणजे झालं.”

आपल्याकडं मुलीवाले अशी माणसं धाडतातच, त्यात नवल नव्हतं. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी खुर्ची पुसली, चपला ओळीत लावल्या आणि बायकोला, तारामतीबाईंना बजावलं, “कुणीबी येऊ दे, चुरमुऱ्याची सुशीला कर. खोबरं घाल वरून.”

तीन-चार दिवसांतच ते आले. एक पोरगा, एक पोरगी, दोघांचे कपडे इस्तरीचे, हातात टॅब. पोरगा म्हणाला, “नमस्कार काका, महापालिकेकडून आलोय. मालमत्तेचं सर्वेक्षण चालू आहे.”

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं, मग तारामतीबाईंकडं बघून एक डोळा बारीक केला. “हाव, हाव. महापालिकेकडूनच. या की, बसा.”

“बसत नाही काका, मोजमाप घ्यायचंय.”

“मोजा की ओ. निवांत मोजा. आमच्यात लपवण्यासारखं काय न्हाई.”

पोरीनं लाल दिव्याचं यंत्र भिंतीला लावलं. गुरुजींना वाटलं, काय सोंग आणलंय, गॅसवाल्यांच्या वरची पायरी. पोरगा विचारायला लागला आणि एकेक प्रश्न असा, की मुलीच्या मामानंच लिहून दिलेला असावा.

“घरात माणसं किती?”

“आम्ही दोघंच. येणाऱ्या सुनेला काय तरास न्हाई.”

पोरगा जरा थांबला. “बांधकाम किती वर्षांचं?”

घर तिशीच्या पुढचं होतं. गुरुजी म्हणाले, “नवंच म्हणायचं. चार वर्षांखाली सगळं नवीन करून घेतलं.” चार वर्षांखाली त्यांनी रंग दिला होता.

“भाडेकरू?”

मागच्या दोन खोल्यांत तुरीचं भुसकट, मोडकी पलंगाची फळी आणि सर्वेशची शाळेतली सायकल होती. “दोन खोल्या भाड्यानं हायती. पोरं सुट्टीला गेलीत. अन् ही पुढली खोली क्लासवाल्याला देताव सांजच्याला.”

“म्हणजे व्यावसायिक वापर?”

“व्यावसायिकच की. इथं एका खोलीला काय भाव हाय, तुम्हाला तर सगळं ठाऊकच असंल.” आणि पुन्हा डोळा बारीक केला.

तारामतीबाई आतून पदर तोंडाला लावून बघत होत्या. पोरांनी सुशीला खाल्ली, पोरीनं तर मागून घेतली. जाताना टॅबवर सही घेतली. गुरुजी म्हणाले, “सहीबी घेतेत. पक्कं काम हाय.” आणि आठवड्यानं गुंडप्पा सांगत आला, पाव्हण्यांना पसंत हाय. गुरुजींनी त्या दिवशी स्वतः पेढे आणले.

नोटीस आली ती दिवाळीनंतर. आधीची घरपट्टी चार हजारांच्या आसपास होती, नवी अडतीस हजार. गुरुजींनी कागद तीनदा वाचला. व्यावसायिक वापर, पुढील खोली. भाडेकरू, दोन खोल्या. बांधकामाचं वय, चार वर्षे. आणि सगळ्यात वर रस्त्याचा दर, म्हणजे त्या रस्त्यावर जागेला काय भाव चाललाय तो.

तारामतीबाई म्हणाल्या, “अहो, मग सुशीला कुणी खाल्ली?”

गुरुजींनी कागद चौथ्यांदा वाचायला घेतला.

“पेन्शन किती, पट्टी किती? आपण ह्या घरातून कधी रुपाया काढला का? शेजाऱ्यानं खायचं अन् ढेकर आपण द्यायचा, असा कायदा हाय का?”

“हरकत घेता येते,” गुरुजी म्हणाले. “जाऊन खरं सांगायचं.”

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात होती. रस्त्या-रस्त्यानं माणसं बोलावली होती, बाकांवर गर्दी, एकाचं गाऱ्हाणं सगळ्यांना ऐकू येई. समोर अधिकारी, पुण्याकडचे, शब्द मोजून टाकणारे. “आपली हरकत थोडक्यात मांडावी. भावनिक होऊ नये.”

एक धोतरवाले आजोबा उठले. “साहेब, घर काय म्हैस हाय का? किंमत वाढली म्हणता, मग दूध वाढलं का? माझी किंमत तर उलट कमी व्हून राहिली, तिची पट्टी कमी करा की.”

सभागृह हसलं. अधिकारीही हसले, पण म्हणाले, “आजोबा, रस्ता, पाणी, दिवे ह्यांचा खर्च कुणी द्यायचा? ज्याची मालमत्ता मोठी, त्यानं जास्त द्यावं, हे न्याय्यच नाही का?”

मागून एक बाई बोलल्या, स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीतल्या. “न्यायच हाय. आमच्या दहा पत्र्याला अन् ह्यांच्या बंगल्याला एकच पट्टी लावा म्हणतेत का काय? महागाच्या जागेवर बसलेत तर देऊ द्या की.” ह्यावर कुणी हसलं नाही. गुरुजींना ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच लागलं. पत्रे तर त्यांच्याही डोक्यावर होते.

मग गुंडप्पाचा नंबर आला. पाच मजले, दाराबाहेर पोरींच्या चपलांचा ढीग, आणि कागदावर लिहिलेलं: राहतं घर. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तुमच्याकडं चाळीस मुली राहतात म्हणे.”

“भाच्या हायती, साहेब.”

“चाळीस?”

“आमचं खानदान मोठं हाय. शिकायला येतेत बिचाऱ्या, मामा म्हणून ठेवून घेतो. भाचीकडून भाडं घ्यायचं म्हणजे पाप.” त्यानं अर्जासोबत कसले कसले दाखले जोडले होते. अधिकाऱ्यांनी ते उलटेपालटे केले, सुस्कारा सोडला आणि सही केली.

गुंडप्पा जाऊन मागच्या बाकावर बसला. गुरुजींची नजर त्याच्यामागं गेली आणि त्यांना तिथंच माणिकप्पा दिसले. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. गुंडप्पानं हात केला, ‘इथलं उरकलं की तुमच्याकडंच येताव’ अशी खूण केली. माणिकप्पांनी दोन्ही हात जोडून लिंगायती नमस्कार केला, ‘शरणार्थ’.

“मल्लिनाथ आवटे. हरकत मांडा.”

गुरुजी उठले. खिशात कागद होता, रात्री बसून मुद्दे काढलेले: घर तीस वर्षांचं, पत्रे गळतात, भाडेकरू कोणी नाही, क्लास नाही, मागच्या खोल्यांत भुसकट. शाळेत मोठ्यानं धडा वाचून आयुष्य गेलं त्यांचं, एवढे पाच मुद्दे वाचायला काय लागतं? पण मागं व्याही बसलेला. पसंती ज्या घराला आली ते घर ह्या कागदात नव्हतं.

“बोला गुरुजी. नोंदीत काही चूक आहे का? क्लासला खोली देता, असं इथं लिहिलंय.”

“देताव,” गुरुजी म्हणाले.

“भाडेकरू?”

“हायती.”

“मग हरकत कशाला घेतलीत?”

“सवय हाय, साहेब. कागद आला की तपासायची सवय.”

हशा झाला. अधिकाऱ्यांनी ‘हरकत मागे’ असं लिहिलं. गुरुजी खाली बसले तेव्हा वस्तीतल्या त्या बाई त्यांच्याकडं बघत होत्या. असले बंगलेवाले लई बघितलेत, असं ते बघणं होतं.

संध्याकाळी माणिकप्पा, गुंडप्पा आणि नांदेडहून आलेला सर्वेश असे पुढल्या खोलीत बसले. तारामतीबाईंनी पुन्हा सुशीला केली, पण खोबरं घातलं नाही.

माणिकप्पा मऊ बोलायचे, तराजूत माल टाकावा तसे, थोडा थोडा. “गुरुजी, खरं सांगतो, आम्ही कुणाला बघायलाबी धाडलं न्हाई. गुंडप्पांचा शब्द बास होता. पण आज स्वतः सरकारच्या तोंडून ऐकलं तुमच्या मालमत्तेचं मोल. बरं वाटलं.”

“असू दे,” गुरुजी म्हणाले.

“तर एक इचार हाय. सर्वेशराव नांदेडला, भार्गवीला तिथंच राहायचं. मग हितं एवढी किंमत पडून ठेवायची कशाला? ही जागा काढून टाकायची. नांदेडला दोन बेडरूमचा फ्लॅट, पोरांच्या नावानं. राहिलेल्यात तुमचं दोघांचं आरामात.”

“गिऱ्हाईक मी बघतो,” गुंडप्पा पटकन म्हणाला. “बघायचं काय, शेजारीच हाय म्हणा.”

गुरुजींनी हळूच खिशातून तो कागद काढला. आता वाचला. एकेक मुद्दा, थांबून, मुलांना शुद्धलेखन घालावं तसा. घर तीस वर्षांचं. पत्रे गळतात. भाडेकरू नाही, कधी नव्हते. क्लास नाही. चार वर्षांखाली नुसता रंग दिला. “म्या खोटं बोललो, माणिकप्पा. सरकारपुढंबी आज तुमच्यासाठी खोटं बोललो. हे घर काही किमतीचं न्हाई.”

तारामतीबाई दारात उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, मोडलं लग्न. आणि सर्वेशकडं न बघता त्यांना आतल्या आत थोडं बरंही वाटलं.

माणिकप्पा हसले. अगदी मायेनं हसले. “गुरुजी, तुम्हीबी. घराला कोण इचारतंय? घर तर पाडायचंच हाय. किंमत जागेची अन् रस्त्याची असती.”

“म्हणजे म्या खरं बोललो काय अन् खोटं बोललो काय—”

“दोन-चार हजाराचा फरक पडला असता पट्टीत,” गुंडप्पा म्हणाला. “दर तर रस्त्याचाच लागतो.”

गुरुजींनी कागदाची घडी घातली. मग माणिकप्पांकडं वळून सरळ विचारलं, “तुमचं उदगीरचं घर केवढ्याचं असंल?”

माणिकप्पांना प्रश्न कळेना. “आमचं? काय की. आम्हाला कुठं विकायचंय. आम्ही राहताव त्यात.”

हे ऐकून कुणालाच काही वाटलं नाही. गुंडप्पानं सुशीलेतला शेंगदाणा उचलला. गुरुजी सर्वेशकडं बघत राहिले. लहानपणी हा पोरगा पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की अंथरुणात उठून बसायचा आणि ओरडून बोलायचा, आवाज पोचत नाही म्हणून. आता तो हातातल्या मोबाईलकडं बघत अगदी हळू बोलला.

“बाबा, ते काही चुकीचं बोलत नाहीत.”

“अहो,” तारामतीबाई दारातून म्हणाल्या.

“बरं,” गुरुजी म्हणाले.

लग्नाची वैशाखातली तारीख धरली. खरेदीखताच्या आधी घरपट्टीची बाकी नसल्याचा दाखला लागतो, म्हणून गुरुजी एका सकाळी जाऊन अडतीस हजार भरून आले. खिडकीतल्या पोराला काही माहीत नव्हतं. पावती फाडता फाडता तो आदरानं म्हणाला, “भारी प्रॉपर्टी दिसतीय, काका. कुठं हाय?”

“तुमच्याच कागदात हाय,” गुरुजी म्हणाले आणि पावती न बघता खिशात घातली.