जाऊ विरुद्ध राहू

गेल्या रविवारी आमच्या मराठी शाळेत भांडण झालं... अगदी रीतसर, फळ्यावर विषय लिहून.

पिनर या आमच्या इंग्लिश उपनगरातल्या एका प्रायमरी स्कूलचा हॉल रविवारी सकाळी आमचा असतो. शिकवतात कुलकर्णी काका. निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर हॉस्पिटलात लोकांना झोपवलं, आता सुट्टीच्या दिवशी आमच्या पोरांना जागं ठेवतात.

या वेळी त्यांनी मोठ्या मुलांचा वादविवाद ठेवला. विषय होता, युरोपियन युनियन सोडून या देशाने बरं केलं का? अट एकच, बोलताना इंग्लिश शब्द नको.

आता लीव्ह आणि रिमेनला मराठीत काय म्हणायचं? मुलांनी आपापसात खलबत करून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं... 'जाऊ' विरुद्ध 'राहू'.

मागच्या खुर्च्यांवर आम्ही आईबाप हसून हसून बेजार. एकीकडे जाऊ, दुसरीकडे राहू... एखाद्या सुनेने पत्रिका घेऊन थेट ज्योतिषाकडे धावावं असा योग. मुलांना कळेना काय झालं ते. मग काकांनी समजावलं, राहू हा एक त्रासदायक ग्रह, आणि जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको.

इथपर्यंत मी हसत होते. मग मला माझी जाऊ आठवली आणि हसू तिथेच थांबलं.

स्मिताताई. माझ्या मोठ्या दिरांची बायको. तेव्हा ते वॉटफर्डला, आम्ही पिनरला, मध्ये मेट्रोपॉलिटन लाइनची मोजकीच स्टेशनं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. एकदा डोळ्यांदेखत बस गेली आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं ताई, आता काय गं करायचं?" मी जीभ चावली. ती म्हणाली, "बरं झालं, सुटलीस एकदाची." त्या दिवसापासून 'अगं' जे आलं ते आलंच.

पाडव्याचं श्रीखंड आमचं दोघींचं असायचं. तिने आदल्या रात्री दही फडक्यात बांधून किचनच्या नळाला टांगायचं, सकाळी मी जाऊन चक्का घोटायचा. साखर किती यावर दरवर्षी तीच हुज्जत... दरवर्षी तीच जिंकायची.

मग ते मतदान आलं. निखिल, म्हणजे माझा नवरा, पक्का 'जाऊ'वाला. युरोपातल्यांना दार सताड उघडं आणि आपल्या लोकांनी व्हिसासाठी नाकदुऱ्या काढायच्या, हा त्याचा राग. दादा, म्हणजे माझे दीर, आणि स्मिताताई 'राहू'वाले. दादांच्या ऑफिसचं अर्धं काम युरोपातलं. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर दोघा भावांची अशी जुंपली की श्रीखंड वाट्यांमध्ये तसंच राहिलं.

पुढे दादांचं ऑफिस ॲमस्टरडॅमला हललं. त्याच्यामागोमाग ते दोघंही गेले.

आता भाऊ एकमेकांना फोन करतात ते आईचे गुडघे आणि वाढदिवस, एवढ्यासाठीच. आम्ही त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही, ते आमच्याकडे आले नाहीत. येणं-जाणं बंद करायचं असं कुणीही ठरवलेलं नाही... पण ते झालं. आम्ही दोघी फोनवर बोलतो, व्हिडिओवर एकमेकींची भाजी बघतो. पण फोनवर नुसतं शेजारी गप्प बसता येत नाही ना.

तर फळ्यापुढे आता आमची सई उभी होती. चिठ्ठी उचलून तिच्या वाट्याला 'राहू' आलं होतं. मतदान झालं तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती, पण घरातलं सगळं मुलांच्या कानावर पडत असतं. तिने कागद बाजूला ठेवला आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "माझा बाबा बोलला, जाऊ. माझा काकू बोलला, राहू. आता काकू गेला आणि बाबा इथेच राहिला. मग कोण जिंकला?"

अख्खा हॉल हसला. कुलकर्णी काकांनी शिस्तीत दुरुस्त केलं, "काकू गेला नाही बाळा... काकू गेली."

सई म्हणाली, "काकू गेली."

शुद्ध मराठीत ते फार लागलं. मी निखिलकडे बघितलं. तोही हसत नव्हता.

 घरी जाताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "हाफ-टर्मच्या सुट्टीत दादाकडे जाऊ?"

इतकी वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. मागून सईने विचारलं, "राहू पण?"

"राहू की," तो म्हणाला.

घरी येऊन मी कोटही न काढता फोन लावला.  ऐकल्यावर स्मिताताई म्हणाली, "या. पण श्रीखंड आणू नकोस गं... आता तिकडून दुधाचं काही इथे युरोपात येऊ देत नाहीत." माझा जीव थोडा थोडा झाला. तिच्याकडे पहिल्यांदा जायचं आणि रिकाम्या हाताने? तिला ते कळलं असणार. म्हणाली, "दही मी टांगून ठेवते. तू घोटायला ये."

देशाने बरं केलं की वाईट, ते आमच्या शाळेत काही ठरलं नाही. इथल्या मोठमोठ्यांचंही अजून ठरलेलं नाही. मला त्यातलं फार कळत नाही... मला माझी जाऊ हवी होती, एवढं मात्र कळत होतं.

केशर आणि वेलची बॅगेत पडली आहे. या वेळी साखरेवरून मी हुज्जत घालणार नाही.